दहा पावलांची रेघ

मोतीरामच्या घरी चहा प्यायचा असला तर आधी चालून दाखवावं लागते.

त्याच्या अंगणात फाटकापासून ओसरीपर्यंत चुन्याची एक रेघ आहे. बोटभर रुंद, दहा पावलं लांब. माणूस फाटकात आला की मोतीराम ओसरीवरून हात वर करते. "थांबा भाऊ. चपला काढा. टाचेले आंगठा लावत या." मग तो सरपंच असो, मास्तर असो का कोणाचा जावई, त्याले त्या रेघेवरूनच यावं लागते. हात बाजूले, नजर समोर. पाय रेघेबाहेर पडला की मोतीराम उठते, ओसरीच्या भिंतीवर कोळशानं खूण करते आणि खाली नाव लिहिते. दहाच्या दहा पावलं सरळ आला तर चुन्याचा ठिपका. चहा दोघांलेही भेटते, तेवढी माणुसकी त्याच्यात आहे. पण कोळसेवाल्याच्या हाती कप देताना म्हणते, "घ्या. न पेताच झुलून राह्यले तुमी."

परगावच्या पाहुण्याले वाटते, बुढ्याचं डोकं फिरलं. गावाले तसं वाटत नाई, कारण गावाले माहीत आहे की ही रेघ माह्यापायी मारली आहे. माह्यावर दारू पिऊन गाडी चालवल्याची केस होती.

हे मी मोतीरामले विचारून लिहून नाई राह्यलो. विचारलं असतं तर तो म्हणाला असता, किती ओळी लिहिणार, आणि कोणत्या पट्टीनं मोजणार. मी चौथी शिकलो. आमच्या घरात लिहायचं काम शेवंताचं, म्हणजे माह्या बुढीचं, बायकोचं होतं. ती नाई म्हणून पेन माह्या हाती आला. चुकलं तर वाचणाऱ्यानं दुरुस्त करून घ्यावं.

मोतीराम आणि मी एका वयाचे. आमचं गाव गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याले लागून. दोघांची घरं शेजारी, मधे तुरीच्या काड्यांचं कुंपण, आणि कुंपणाले माणूस वाकून जाईल एवढं भगदाड. मोतीरामची सारी नोकरी आलापल्लीच्या सागवान डेपोत झाली. जंगलातून सागाचे लठ्ठे यायचे, हा फित्यानं गोलाई मोजायचा, लांबी मोजायचा आणि टोकावर हातोड्यानं नंबर ठोकायचा.

डेपोत नेमक्या मापाची एक लोखंडी सळाख होती. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी फिता त्या सळाखेवर ताणून पाहायचा, असा नियम. कारण फिता पावसात वाढते, उन्हात आखडते, आणि ओढणाऱ्याच्या मनात पाप असलं तर बारा महिने वाढते. हे मोतीरामचंच म्हणणं. नियम सगळ्यांलेच होता, पाळणारा हा एकटा. बाहेर ठेकेदार ट्रक घेऊन शिव्या देत उभा आणि आत मोतीराम फिता ताणून सळाखेकडं पाहत बसलेला. रिटायर झाला तेव्हा सळाख डेपोतच राह्यली, पण ती त्याच्या डोक्यात शिरून गावात आली.

तेव्हापासून तो ज्याले त्याले एकच म्हणते, "मापाचं माप दाखव."

शिंप्यानं सदऱ्याचं माप घ्यायले फिता काढला, तर हा आधी तो फिता आपल्या फित्याले लावून पाहते. शिंप्याचा फिता अर्धा बोट आखूड निघाला. शिंपी म्हणाला, काका, पंधरा वर्षं याच फित्यानं शिवून राह्यलो, कोणाचा सदरा फाटला नाई. मोतीराम म्हणाला, म्हणूनच गावातले सगळे आखडून चालतात. दवाखान्याच्या नर्सबाईनं ब्लडप्रेशरचा पट्टा दंडाले बांधला तर हा विचारते, बाई, ही मशीन कोणावर तपासली? ती म्हणे, तुमच्यावरच तपासून राह्यली. तो म्हणे, मंग मी कोणावर तपासू? शेवटी नर्सबाईनं पट्टा स्वतःच्या दंडाले बांधला. तिचं प्रेशर वाढलेलं निघालं. ती म्हणे, हे तुमच्यामुळं.

लग्न त्यानं केलं नाई. कोणी विचारलं तर सांगते, नजरेनं माणूस पसंत करायची रीत त्याले मंजूर नाई. स्वयंपाक स्वतःच करते, आणि मीठ चमच्यानं सारखं करून टाकते, म्हणून भाजी रोज एकसारखी बेचव होते. शेवंताले त्याची कीव यायची. ती रोज दुपारी कुंपणावरून भाजीची वाटी द्यायची. त्या वाटीले मोतीरामनं कधी माप लावलं नाई. एकदा मीच म्हटलं, आज वाटी अर्धीच दिसते. तर माह्याकडं पाहून म्हणे, "तुले कोनी विचारलं?"

शेवंता भादव्यात गेली. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी नाई.

सरणाचं लाकूड मोतीरामनं निवडलं. ज्या माणसानं सारं आयुष्य लाकूड मोजलं, त्यानं त्या दिवशी खिशातून फिता काढला नाई. लोक म्हणत होते, भाऊ, झालं, पुरते. तो आणखी आणून रचत राह्यला. शेवटी त्याले हाताले धरून बसवलं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर समोर मोहफुलांचं पोतं. ते मोह शेवंतानं चैतात वेचलेलं. अंधार असताना टोपली घेऊन झाडाखाली जायची, ऊन चढेपर्यंत वाकून वेचायची. वाळवून पोतं भरून ठेवलं होतं, पावसाळ्यात भाव येते म्हणून. घरात कुठीही बसा, ते पोतं दिसे. मी ते फटफटीच्या मागं बांधलं आणि धानोऱ्याले नेलं. व्यापाऱ्यानं काट्यावर टाकायले हात लावला आणि माह्या तोंडून निघालं, राहू दे. पोतं पुन्हा बांधून परत निघालो. व्यापारी म्हणाला असेल, बुढा पागल झाला.

वाटेत झड लागली. पोतं भिजलं. आमच्याकडं ज्यानं मोह पाह्यलं त्याले सांगावं लागत नाई, भिजलेलं मोह थोड्या वेळात असा वास मारते की वाटावं जवळच भट्टी लागली आहे. त्यात आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. शेजारच्या चंद्रपुरात बंदी आली आणि उठली, आमची कायम आहे. त्यामुळं रस्त्यावरच्या नाक्यावर पोलिसाचं नाक डोळ्याच्या आधी चालते.

नाक्यावर एक जमादार होता. नवा होता, पण वाईट नव्हता. म्हणाला, काका, खाली उतरा. मशीनमधे फुंका. मी फुंकलं. मशीन मुकी. बॅटरी उतरली होती. मग म्हणे, या पांढऱ्या पट्टीवरून चालून दाखवा, टाचेले आंगठा लावून. रस्त्याच्या कडेले पांढरी पट्टी असते, तिच्यावरून. मी चाललो आणि झुललो. एका पायावर उभं राहायले सांगितलं, तेही जमलं नाई. मग विचारलं, पोतं कोणाचं? मी "बाईचं" म्हटलं, आणि पुढचा शब्द आला नाई.

त्यानं कागदावर लिहिलं. वास येतो. डोळे लाल. बोलणं अडखळते. चाल झुलती. चारही गोष्टी खऱ्या होत्या. फक्त दारू नव्हती. मी जन्मात घेतली नाई. रक्त तपासायले न्या, असं म्हणायले मले सुचलं नाई आणि त्यानं नेलं नाई.

माह्या नावाचं मले फारसं काई नव्हतं. पण आमच्या गावातल्या दारूच्या भट्ट्या शेवंतानं आणि तिच्या गटाच्या बायांनी फोडल्या होत्या. मडकी डोक्यावरून आणून चौकात आपटली होती. आणि आता नळावर बाया बोलत होत्या, बाई गेली न बुढा मोकळा झाला. तेरवीचं उष्टं सुकलं नाई न हा नाक्यावर सापडला. ते माह्यावर नाई, तिच्यावर थुंकणं होतं. ती उत्तर द्यायले नव्हती.

नाक्यावर सापडलो त्याच संध्याकाळी मी तिथी हाती दिलेला कागद मोतीरामले दाखवला. त्यानं तीनदा वाचला. मी प्यालो होतो का नव्हतो, हे त्यानं विचारलं नाई. एवढंच विचारलं, "ती पट्टी सरळ होती का?"

मी म्हटलं, मले काय माहीत.

"जमादारानं तपासली होती?"

मी म्हटलं, मोतीराम, मले झोपू दे. आणि भगदाडातून घरी येऊन पडलो. पडल्या पडल्या त्याच्या अंगणातून टिच्च असा आवाज आला. लाकूड चिरणारे लाकडावर रेघ मारतात तसा त्यानं चुन्यात भिजवलेला दोरा ताणून टिचकी मारली होती. सकाळी पाह्यलं तर ही रेघ.

त्याचा विचार साधा होता. न प्यालेली माणसं रेघेवरून सरळ चालू शकतात का, हे आधी मोजावं. सळाख हातात नसेल तर फित्याचं काय खरं?

गडचिरोलीले आम्ही एक वकील म्याडम केली. तरुण पोरगी, हुशार. ती म्हणाली, काका, कबूल करा, दंड भरा, एका तारखेत मोकळे व्हा, सगळे तेच करतात. मी म्हटलं, नाई. मग ती म्हणाली, बरं, तरी चिंता नको. मशीनचा आकडा नाही, रक्त नाही, केस उभीच राहत नाही. तारखा लागतील, पण सुटाल. मी खूश झालो. मोतीराम नाई झाला.

"म्याडम, मंग लोक म्हनतीन, मशीन बंद होती म्हून सुटला. आमाले सुटाचं नाई. हा प्यालाच नव्हता, असं पायजे."

"आजोबा, कोर्टात तसं मिळत नाही."

"मिळत नाई, कारन कोनी मांगत नाई."

म्याडमनं माह्याकडं पाह्यलं. मी खाली पाह्यलं. तिले काय सांगू, हा माणूस दूधवाल्याचं लिटरही, पावसाचा थेंब मिसळू नये म्हणून, वळचणीखाली मोजून घेते.

मग सुरू झालं गावाचं चालणं. पहिल्या महिन्यात लोक हसायले यायचे आणि खूण घेऊन जायचे. मास्तर तिसऱ्या पावलाले पडला, म्हणे चष्म्याचा नंबर बदलला आहे. सरपंच सातव्याले पडला आणि म्हणाला, रेघच वाकडी. मोतीरामनं लगेच दोरा ताणून दाखवला. माह्या घराच्या मागं राहणाऱ्या पोरीले पाहायले पाहुणे आले, ते चुकून मोतीरामच्या फाटकात शिरले. यानं नवरदेवाले चालवलं. नवरदेव दुसऱ्याच पावलाले गेला. मोतीराम पोरीच्या बापाले सांगायले गेला की घाबरू नका, पोरगा निर्व्यसनी आहे म्हणूनच पडला. बाप दोन दिवस आमच्याशी बोलला नाई. लग्न झालं मात्र.

चुन्याचे ठिपके थोडेच. बहुतेक बायांचे. ज्या बाया धानाचं रोप डोक्यावर घेऊन बांधीच्या निसरड्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चालतात, त्यांच्यासाठी ही रेघ म्हणजे राजरस्ता. त्या बोलत बोलत, एकमेकींच्या सासूची निंदा करत सरळ आल्या. आणि पुरुषांत एकच पास झाला, तो सोमा.

सोमा आमच्या गावातला पक्का पिणारा. बंदी असो का काई असो, त्याले भेटते. त्या दिवशीही भेटली होती. ओसरीपर्यंत वास आला. आणि सोमा टाचेले आंगठा लावत, हात बाजूले ठेवून, नजर समोर, दहाच्या दहा पावलं दोऱ्यासारखा आला. मोतीरामनं विचारलं, कसं जमलं रे? सोमा म्हणाला, "काका, बायकोसमोर रोजच चालतो. सवय हाये."

मोतीरामले इतका आनंद झालेला मी कधी पाह्यला नाई. त्यानं सोमाले दोन कप चहा पाजला. न प्यालेला पडते, प्यालेला चालते, आणखी काय पायजे? सोमाले साक्षीदार म्हणून कोर्टात न्यायचं त्याच्या मनात होतं. सोमा म्हणाला, काका, बंदीच्या जिल्ह्यात जजसमोर उभा राहून मी पितो म्हणू? तुमच्या मित्राले सोडवता सोडवता मले आत टाकून राह्यले का? तेव्हापासून सोमा आमच्या गल्लीतून जात नाई.

भिंत भरत गेली. प्रत्येक खुणेखाली नाव. फक्त दाराच्या चौकटीजवळ, बाकीच्यांपासून हातभर दूर, खुणांची एक उभी ओळ होती, तिच्याखाली नावं नव्हती. मले वाटलं, जे लाजून नाव लिहू देत नसतील त्यांच्या असतील. मी काई विचारलं नाई. मी रोज भगदाडातून जात होतो, म्हणून मले कधी रेघेवरून चालावं लागलं नाई. तेही मले तेव्हा साधंच वाटलं.

मग एक दिवस तोच जमादार माह्या नावाचं समन्स घेऊन आला. मी मोतीरामकडं बसलो होतो. जमादार फाटकात आला आणि मोतीरामचा हात वर झाला. "थांबा साहेब."

जमादारानं विचारलं हे काय आहे. मोतीरामनं समजावून सांगितलं. मी मनात म्हटलं, आता दुसरी केस. पण जमादार हसला. म्हणाला, मी रोज लोकांना चालवतो काका, मला काय भीती. आणि निघाला. पाचव्या पावलाले बूट रेघेबाहेर. म्हणे बुटामुळं झालं. बूट काढून पुन्हा आला. पुन्हा पाचव्यालेच. कुंपणावर तोपर्यंत अर्धं गाव. मोतीरामनं दोन खुणा केल्या, नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि कप हाती दिला. जमादारानं चहा पिता पिता भिंत वाचली. बराच वेळ वाचली. जाताना माह्याकडं पाहून म्हणाला, "काका, त्या दिवशी तुम्ही म्हणाले होते, बाईचं. कोण बाई?"

मी सांगितलं. तो समन्स माह्या हाती देऊन गेला.

यानंतर मोतीरामनं नाका गाठला. एक पितळी थाळी, एक तांब्या पाणी. जिथी मले चालवलं होतं तिथी पांढऱ्या पट्टीवर थाळी ठेवली, पाणी ओतलं आणि पोटावर झोपून पाहत राह्यला. पाणी थाळीच्या एका कडेले चढलं. रस्ता तिथी खचून शेताकडं कलला होता. मागं ट्रकवाले हॉर्न मारत होते. एक ड्रायव्हर उतरून मले म्हणाला, बाबा, तुमच्या माणसाले जास्त झाली वाटते. मी म्हटलं, नाई, त्याले कमीच झाली आहे. जमादार नाक्यावरच होता. त्यानं ट्रक बाजूनं काढून दिले आणि थाळीत स्वतःही वाकून पाह्यलं.

केस उभी राहायले वर्षावर गेलं. त्या दिवशी मोतीराम इस्त्रीचा सदरा घालून आला, अर्धा बोट आखूड. म्याडमनं जमादाराले विचारलं, वास कोणाच्या तोंडाचा होता? तो म्हणाला, वास येत होता. तोंडाजवळ नाक नेलं होतं? नाई. गाडीवर काय होतं? मोहाचं पोतं. कोरडं का ओलं? ओलं. मग ती म्हणाली, पट्टीवर सरळ चालता आलं नाही, म्हणजे माणूस प्यालेला, असं तुमचं म्हणणं आहे. तुम्ही कधी अशा रेघेवर चालून पाहिलं?

जमादारानं एकदा मोतीरामकडं पाह्यलं. खोटं बोलला असता तर कोणाले समजलं असतं?

"पाहिलं म्याडम. दोनदा. पाचव्या पावलाला पाय गेला."

"तेव्हा तुम्ही प्यालेले होतात?"

"ड्युटीवर होतो."

कोर्टात हसू पिकलं. मग मोतीरामची साक्ष. त्यानं थाळी सांगितली, पाण्याची कड सांगितली, भिंत सांगितली. जजसाहेब शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "आजोबा, जमादाराची पट्टी वाकडी. तुमची रेघ सरळ, हे कशावरून?"

मी मोतीरामच्या तोंडाकडं पाह्यलं. सारं आयुष्य जो सवाल तो दुसऱ्याले विचारत आला, तो त्याले पहिल्यांदा कोणीतरी विचारला होता. त्याचे डोळे भरून आले. त्यानं खिशातून दोरा काढला आणि म्हणाला, "साहेब, असा मानूस डेपोत पायजे होता."

निकालात लिहून आलं की वास पोत्याचा असू शकते, आणि लाल डोळे, अडखळतं बोलणं आणि झुलती चाल यावरून माणूस प्यालेला होता असं ठरत नाई, ते दुःखानंही होते. गटाच्या बायांनी तो कागद चावडीवर वाचून घेतला. दोनदा. नळावरच्या बाया मान खाली घालून ऐकत होत्या. शेवंताचं नाव जागेवर आलं. मोतीराम एकटाच कुरकुरत होता, म्हणे, "ठरत नाई" लिहिलं, "प्यालाच नव्हता" नाई लिहिलं.

आता रेघ पुसायले हरकत नव्हती. पण महिना झाला, दोन झाले, रेघ तिथीच. सडा टाकतानाही तो तेवढी जागा सोडते, आणि फिकी पडली की दोरा ताणते. लोकांले वाटलं, सवय लागली बुढ्याले.

मागच्या महिन्यात शेवंताच्या तिथीले मी वांग्याची भाजी केली. ती रोज वाटी द्यायची, मी निदान तिथीले देतो. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, भगदाडातून गेलो नाई. वाटी घेऊन समोरच्या फाटकातून आत गेलो आणि चपला काढल्या. मोतीराम ओसरीवर बसला होता. त्यानं हात वर केला नाई.

"तू तिकून ये," म्हणाला. "भगदाडातून."

मी म्हटलं, साऱ्या गावाले चालवलं. जमादाराले दोनदा चालवलं. केस माही, आणि मलेच एकदाही चालवलं नाई. काऊन?

"तुही चाल मले ठाऊक हाये."

"न मोजता?"

तो चौकटीकडं पाहत राह्यला. मीही पाह्यलं. ती बिननावाच्या खुणांची उभी ओळ आता चौकटीच्या खालपर्यंत आली होती. सर्वांत खालची खूण ताजी होती, कोळसा अजून झडत होता.

"या कोनाच्या?"

"माह्या."

मग त्यानं सांगितलं, भिंतीकडंच पाहून. रेघ मारली त्या संध्याकाळी मी घरी जाऊन पडलो होतो. तेव्हा पहिल्यांदा तो स्वतः चालला. तेरवीचा घास त्याच्या गळ्याखाली उतरला नव्हता, पाण्याशिवाय पोटात काई नव्हतं. चौथ्या पावलाले झुलला आणि अंगणात बसला. "तवा समजलं," म्हणाला, "तुह्या पायाचं नाक्यावर काय झालं असन." तेव्हापासून दर महिन्याले, तिच्या तिथीले, कोणी उठायच्या आत तो चालते.

मी म्हटलं, गुडघे असतील. आपल्या वयाले होते.

"गुडघ्याचं नोको सांगू. बाकीच्या दिवशी मी दहा चालतो."

मी विचारलं, मग हे कोर्टात काऊन नाई सांगितलं? एवढी थाळी नेली, दोरा नेला. तो म्हणाला, ते कोर्टाच्या कामाचं नव्हतं.

मी वाटी ओसरीच्या काठावर ठेवली. परत फाटकापाशी गेलो आणि रेघेवर उभा राह्यलो. हात बाजूले, नजर समोर. टाचेले आंगठा लावत निघालो. एक, दोन, तीन, चार. पाचवंही रेघेवरच पडलं. सहाव्याले अंगण हललं आणि पाय बाहेर गेला.

मोतीराम उठला. त्यानं कोळसा घेतला आणि त्या ताज्या खुणेच्या शेजारी माही खूण केली. खाली नाव लिहिलं नाई.

"पाच पुरे पडले," म्हणाला. "तू सुधारून राह्यला, नामदेवा. मी अजून तीनावरच हाओ."

मग वाटी घेऊन बसला. पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, मीठ जास्त आहे. आणि बोटानं वाटी पुसेपर्यंत खाल्ली.